काविळीची माळ

असं समजा मुलांनो, मिरचीच्या वाफ्यांना पाणी सोडलंय आणि दांडात मध्येच एक दगड अडकलाय. पाणी पुढे जात नाही, मागे तुंबतं. जिथे तुंबतं तिथली रोपं मुळापासून सडतात. दिसलं? आता तो दांड पुंजाजी आबांच्या पोटात आहे असं समजा.

हे आबा धनजचे. चौऱ्याहत्तर साल असेल. गावात कुणाचाही दांड तुंबला की फावडं घेऊन तेच जायचे. त्या वर्षी त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अंगाला अशी खाज सुटली की ते खांबाला पाठ घासत बसायचे. शेवटी दहा वर्षांची नात भागिरथा हिच्या खांद्यावर हात ठेवून ते कारंज्याच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, "यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळीत खडा अडकलाय. म्हणून शौचाला पांढरं होतं. तुंबलेलं पित्त यकृताला आतून खातंय, ओल्यात पडलेल्या विळ्याला गंज खातो तसं. ऑपरेशन करून वाट मोकळी करायला हवी. उशीर केला तर माणूस हाती लागणार नाही."

आबांनी मान डोलावली, घरी आले आणि जानरावकडून माळ घालून घेतली.

जानराव वेलीच्या हिरव्या काड्या दोऱ्यात गुंफून काविळीची माळ करायचा. माळ वाढत वाढत पायाला लागली की कावीळ उतरली म्हणायचं. आणि माळ खरंच वाढायची! शेजारची केशरबाई रोज पाहायला यायची. "अगंबाई, बेंबीले टेकली!" आबा स्वतः किती वाळले, ते मात्र कुणी पाहत नव्हतं.

"आबा, दवाखान्यात चला ना," भागिरथा म्हणायची.

"काहून? माळ उतरून राह्यली, दिसत नाही का तुले?"

मग भागिरथा जानरावकडे दुसरी माळ मागायला गेली.

"कोणासाठी व पोरी?"

"आमच्या घरी एक हाये. दिवसभर उभा राह्यते, बोलत नाही."

ती माळ तिने गोठ्यातल्या खांबाच्या खुंटीला अडकवली. काड्या वाळून आकसल्या, गाठी सैल झाल्या आणि ही माळही हातभर खाली आली. तिने आबांना हाताला धरून गोठ्यात नेलं.

"पाहा आबा, खांबाची बी कावीळ उतरली."

आबांनी खांबावरची माळ वरपासून खालपर्यंत वितीनं मोजली. मग त्यांनी हाक मारली, "केशरबाई, इकडे ये व! जानरावच्या हाताचा गुण पाहा. लाकडाची बी उतरवते!"

संध्याकाळपासून लोक खांबही पाहायला येऊ लागले.

भागिरथा वाद घालायची थांबली. तिने एवढंच विचारलं, "माळ पायाले लागली, की तरी डॉक्टरकडे जाऊ?"

"जाऊ ना! ताठ मानेनं जाऊ. माळ दाखवू त्याले. मंग काय चिरायचं ते चिर म्हणा!"

दुसऱ्या दुपारी आबांचा डोळा लागला. भागिरथाने खांबावरची माळ काढली, तिची गाठ सोडली, आबांच्या माळेची गाठही हलकेच सोडली आणि दोन्हींची मिळून एकच माळ बांधली. उरलेला दोरा दातांनी तोडला. माळेचं टोक आबांच्या पायाच्या अंगठ्यावर नीट ठेवलं आणि गावातल्या गाडीवाल्या रऊफचाचांना बैलगाडी जुंपायला सांगायला ती धावत सुटली.