चुंबळ

छबुबाईनं पिशवीत हात घालून चुंबळ चाचपली. जुन्या हिरव्या लुगड्याची, घट्ट पिळून वळलेली. डोक्यावर उसाची मोळी घेताना टाळू सोलू नये म्हणून चुंबळ लागते. दर साली कारखान्यावर जाण्याआधी ती आणि भिवरा, दोघी मैत्रिणी, पाच कोस चालून डोंगरावरच्या आईला जायच्या आणि देवळाच्या पायरीवर आपापल्या लुगड्याची चुंबळ एकमेकींना द्यायच्या.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. या दोघींचे नवरे कधीच गेलेले. तरी सात सालं दोघींनी मिळून एक कोयता पुरा केला होता. भिवरा तोडायची, छबू मोळी बांधायची. यंदा भिवरा अजून हो म्हणाली नव्हती. मुकादम बबनरावांनी आज दिवस मावळायच्या आत सांगा म्हणून निरोप दिला होता.

डोंगराकडं निघून दोघींनी सिंदफणा नदीचं पात्र ओलांडलं तेव्हा ऊन कोवळं होतं.

"एका दिसाला एवढं गाठोडं?" छबूनं विचारलं.

"भाकरी हायेत."

"गावजेवण घालतीस का काय डोंगराला?"

भिवरा हसली, पण गाठोडं तिनं दुसऱ्या काखेत घेतलं.

चढाला लागलं की छबूनं ओवी काढायची आणि भिवरानं ती पुरी करायची, ही रीतच होती. दोन्ही अंगांना तरवड पिवळाजर्द झाला होता. छबूनं गळा मोकळा केला.

*डोंगराच्या वाटं, पिवळा तरवड फुलला...*

वाट बघितली. मागून फक्त भिवराच्या वहाणांचा फटफट आवाज. एक होला उडाला.

"म्हण की गं."

"दम लागतोय, छबे."

दम लागतोय म्हणणारी भिवरा उसाच्या फडात एका दमात अख्खी सरी तोडून काढायची. अर्धी ओवी तिच्या जिभेवर दिवसभर तशीच राहिली, काटा रुतून राहावा तशी.

देवळात भिवरानं गाठोडं सोडलं. छबूचे डोळे तिच्या हातावर. हातात नारळ आला, हळदीकुंकवाची पुडी आली. मग गाठ परत बसली. छबूनंही आपली चुंबळ काढली नाही. उतरताना दोघींनी झाडाखाली बसून भाकरी खाल्ली, वर एक पिकलं सीताफळ फोडलं. भिवरा बिया तळहातावर जमवत राहिली. फेकेना.

"बबनराव सांजच्याला विचारतील," छबू म्हणाली.

"हं."

"काय सांगू?"

"फाट्यापर्यंत चल. सांगते."

फाट्यावर डांबरी सडक, एक बंद टपरी, बाभळीची विरळ सावली. भिवरा तिथल्या दगडावर बसली ती उठेचना.

"मी हितूनच जाते गं. चारची गाडी हाय बीडला. तिथनं पुण्याला, सपनीकडं."

सपनी म्हणजे स्वप्नाली, भिवराची एकुलती एक लेक.

"पुन्हा दिवस हायेत तिला," भिवरा म्हणाली. "पहिल्या येळंला मी फडात व्हते. पोर एकलीच वरडली असंल. आता बोलवतीय तर न्हाई कशी म्हणू?"

"न्हाई म्हण असं मी कुठं म्हणतेय?"

"सकाळीच सांगणार व्हते. मग वाटलं, तू माघारी फिरशील. आईला दोघींनी जायचं राहून गेलं असतं."

"परत कधी?"

भिवरानं मुठीतल्या बिया एकेक करून बाभळीच्या बुडाशी टाकल्या. "ऱ्हा म्हणतीय ती. कायमचंच."

सडकेवरून एक ट्रॅक्टर गेला. धूळ खाली बसली. मग छबूनं पिशवीतून चुंबळ काढून पुढं धरली.

"घे. पान्याच्या हंड्याला व्हईल."

"घरात नळ हाय गं तिथं," भिवरा हळूच म्हणाली.

छबूचा हात पुढंच राहिला. लांबून गाडीचा भोंगा आला. भिवरा उठली. तिनं चुंबळ घेतली, छबूच्याच डोक्यावर ठेवली आणि तळव्यानं दोनदा दाबली. रोज पहाटे फडात मोळी चढवायच्या आधी दाबायची, तशीच.

"मान ताठ ठेव," म्हणाली, आणि गाडीत चढली.

पुढची दीड कोस वाट छबू एकटीच चालली. नदीत पाण्याच्या दोन डबक्यांत तांबडं आभाळ पडलं होतं. तिला सवयीनं दोनदा मागं वळून बघावंसं वाटलं, भिवरा मागं तर नाही ना पडली. दोन्ही वेळा ती थांबली, आणि वळली नाही.

बबनराव ओट्यावर मोबाईल बघत बसले होते.

"काय छबुबाई, जोडीचाच कोयता ना?"

"अर्धा धरा."

त्यांनी मान वर केली. "भिवराबाई?"

"लेकीकडं गेली."

"मग डोक्यावर मोळी कोन चढवू लागंल तुमाला?"

छबू जायला वळली.

"आन रिकामी चुंबळ कशाला घालून फिरताय?"

तेव्हा तिचा हात वर गेला. चुंबळ घामानं ओली झाली होती, जागची हलली नव्हती. ती न काढताच छबू घराकडं निघाली. मान ताठ ठेवून.