गच्चीवरचे पऱ्हे

घनश्यामरावांना घरं भाड्यानं द्यायचा धंदा जमला होता, माणसांवर विश्वास ठेवायचं मात्र काही जमलं नव्हतं. भंडाऱ्यातल्या बारदान्याच्या दुकानाच्या कमाईवर त्यांनी जवाहरनगरच्या बाहेर दुमजली घर उभं केलं, आणि भाडेकरारात कलमांची अशी रांग लावली की वकीलही हसला. कोंबड्या पाळायच्या नाहीत, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गच्चीवर पाणी साचू द्यायचं नाही. हे शेवटचं कलम त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं. स्लॅब टाकला तेव्हा ते दिवसभर उन्हात उभे होते.

म्हणूनच जुलैतल्या एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या रिताताईंचा फोन आला तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"काकाजी, माह्या पलंगावर छत गळून राहिलं. पाऊस नाही, पाणी नाही, तरी गळून राहिलं! उद्यापर्यंत बंद नाही झालं त मी दुसरं घर पाहतो."

रिताताई दवाखान्यात नर्स. भाडं वेळेवर, घर आरशासारखं. असा भाडेकरू गेला की पुन्हा मिळत नाही, हे घनश्यामराव पुरते ओळखून होते. ते तणतणत निघाले आणि घर गाठून थेट बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर चढले.

गच्ची हिरवीगार होती. प्लास्टिक अंथरून, त्यावर बोटभर मातीचा थर देऊन कोणी तरी धानाचे पऱ्हे टाकले होते, रोवणीआधीची रोपवाटिकाच. रोपं वीतभरही नव्हती, पण अशी दाट की हात फिरवावासा वाटावा. नळाची रबरी नळी कोपऱ्यात पडली होती आणि तिच्या तोंडापाशी पाणी साचलं होतं. शेजारी तळमजल्यावरचा भाडेकरू सूरज अपराध्यासारखा उभा होता.

"हे काय होय बे?"

"पऱ्हे होय, काकाजी."

"मले दिसते! माह्या स्लॅबावर काहून हाये?"

सूरज फॅक्टरीत ठेकेदाराच्या हाताखाली होता, पण घर आसगावचं, धानाचं. तिथे विहिरीवरची मोटर जळली, पाऊस रुसला आणि बापानं टाकलेले पऱ्हे जागेवर करपले. घरात होतं नव्हतं तेवढं बियाणं सूरजनं इकडे आणून नळाच्या पाण्यावर टाकलं होतं.

"हेही गेले त औंदा बांध्या पडीक राहतीन, काकाजी. बाबा जेवत नाही बराबर."

"माहा स्लॅब गेला त मी जेवीन काय?" घनश्यामराव कडाडले. "आजच्या आज गच्ची खाली कर, नाही त घर खाली कर!"

सूरजनं क्षणभरही विचार केला नाही. "घर खाली करतो जी. पऱ्हे तेवढे आठ दिवस राहू द्या."

आता याला काय म्हणायचं? बायको घेऊन हा कुठे राहणार होता? घनश्यामरावांची मान खाली गेली आणि त्यांना स्वतःचे पाय दिसले. अनवाणी होते. चपला जिन्याच्या वरच्या पायरीवर, सूरजच्या चपलांशेजारी राहिल्या होत्या. लहानपणी त्यांच्या घरी कोणी चपला घालून पऱ्ह्यांजवळ गेलं तर आई पाठीत धपाटा घालायची. भांडायला आले तरी पाय ती शिस्त विसरले नव्हते. घनश्यामरावांना स्वतःचं हसू आलं, आणि आईची आठवणही फार आली.

पण छत गळतच होतं. त्यांनी घरी उषाबाईंना फोन लावला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "अवो, तुमचा तलाव हाये ना!"

हा तलाव म्हणजे घनश्यामरावांचं दुखणं. धानाच्या मुलखात जन्मलेल्या या माणसानं ऐन मे महिन्यात, भेगाळलेली जमीन पाहून, पाठच्याच गल्लीत प्लॉट घेतला होता. मूळची ती खोलगट बांधी, धानाचं खाचर! शिंतोडे पडले तरी वस्तीचं सगळं पाणी तिथे महिनाभर मुक्कामाला. गिऱ्हाईक यायचं, काठावर उभं राहायचं आणि मासे पाळता का म्हणून विचारून जायचं.

दुपारपर्यंत फळ्यांवरून पऱ्ह्यांच्या चटया प्लॉटच्या काठाच्या ओल्या मातीवर उतरल्या. त्या वाहून नेणाऱ्यांत रिताताईही होत्या. त्याच रविवारी सूरजनं गच्चीच्या भेगा भरून दिल्या, आणि घनश्यामराव उन्हात उभे राहून चुका काढत होते.

पुढे आसगावकडे पाऊस झाला, पऱ्हे तिकडे रवाना झाले, रोवणी झाली. उरलेले पऱ्हे सूरजनं न विचारता प्लॉटमध्ये रोवून टाकले. हेही कराराबाहेरचंच, पण या वेळी घनश्यामरावांना कलम आठवलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास नागपूरचं एक गिऱ्हाईक आलं. भरणी घालून गोदाम बांधायचं होतं त्याला. भाव ऐकून कुरकुरलाही नाही. "उद्याच मशीन लावतो," म्हणाला.

इतकी वर्षं घनश्यामराव याच वाक्याची वाट पाहत होते. त्यांनी प्लॉटकडे पाहिलं. धान निसवून दाणे भरत आले होते आणि लोंब्या वाकायला लागल्या होत्या. ते गिऱ्हाइकाला चांगलं धुऱ्यापर्यंत, थेट बांधावर घेऊन गेले.

"दिवाळीनंतर या जी," ते म्हणाले. "आता धान उभा हाये. आणि साहेब, जोडे तेवढे इकडंच काढा."