पारड्याखालचे शिसे

मी एक जुना तराजू आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम माळ्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत आहे. रडगाणे गाणार नाही, पण मला राग आला आहे आणि तो मी लपवणारही नाही.

तांबटाने माझी पितळी पारडी ठोकली. लोहाराने दांडी घडवली, आणि ती जराशी झुकते म्हणून तीनदा कानशीने घासली. मग मी खिळ्यामोळ्यांच्या दुकानात आलो. वजनमापांचा निरीक्षक दरवर्षी मला तपासून शिक्का मारी आणि म्हणे, "याच्यात खोट काढायला जागाच नाही हो." मालक ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत. मी फुशारून जाई.

मालकांच्या घराची एक रीत होती. काही ठरवायचे असले की सगळे मला मधे ठेवून बसत. ज्याला जे कारण सुचेल ते त्याने मोठ्याने बोलायचे आणि पारड्यात दुकानातला एक लोखंडी नट टाकायचा. मोठ्या कारणाला मोठा नट. तोवर पारडी टेबलावर टेकलेली असत. शेवटी मालक दांडी उचलत. कुत्रा पाळायचा, हे असेच ठरले. कुत्रा आला आणि मालकांच्या दोन चपला गेल्या.

मालकांची मुलगी अकरा वर्षांची. सारखी 'का, का' विचारते म्हणून तिला सगळे काबाई म्हणत. दूर एका गावी निवासी तयारीशाळा होती. मोठ्या विद्यालयांच्या प्रवेशासाठी ती मुलांना दोन वर्षे घोटून घेई. काबाईने तिथे जावे की इथल्याच शाळेत राहावे, हा प्रश्न निघाला.

खरे तर प्रश्न उरलाच नव्हता. शाळेला होकाराचे पत्र मालकांनी माझ्यासमोरच लिहून टपालात टाकले होते. त्या दुपारी दुकानात कुणी नव्हते. त्यांनी माझे डावे पारडे उलटे केले आणि खाली शिशाचा तुकडा लाखेने चिकटवला. मला आधी वाटले, डागडुजी चालली आहे. इतका मी भोळा.

संध्याकाळी सगळे बसले. डावे पारडे जाण्याचे, उजवे राहण्याचे.

"तिथे प्रयोगशाळा आहे," मालक म्हणाले. "पुढचा प्रवेशही सोपा जाईल."

"इथल्यापेक्षा हिला जास्त काय मिळणार, ते विचारलंय का कुणी?" आईने उजवीकडे नट टाकला.

काबाईने मोठा नट उचलला. "इथल्या गणिताच्या बाई शाळा सुटल्यावर माझे सगळे प्रश्न ऐकतात." मग एक बारीक नट टाकला. "आणि तिथे मला रडू येईल. याला हा पुरे." मुलगी इतकी सरळ की तिथल्या वाचनालयासाठी तिने डावीकडेही एक टाकला.

दांडी उचलली. उजवे पारडे खाली जायला हवे होते. डावे गेले.

काबाईने पारड्यांतले नट काढून ठेवले. "तराजू जा म्हणतोय, तर जाते," ती म्हणाली.

तिथून तिची पत्रे येत. प्रश्न विचारला की वेळ घालवू नकोस म्हणतात, असे ती लिही. मालक उत्तर देत, 'धीर धर. तूच ठरवलं होतंस ना, बाळा?' हे लिहिताना त्यांचा हात जराही अडखळत नसे.

सुट्टीत ती आली, मला घासायला घेतले, आणि शिसे तिच्या बोटांना लागले.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं," मालक म्हणाले.

"पाठवायचं होतं तर 'मी पाठवतोय' म्हणायचं, बाबा. रडले असते, पण गेले असते. वर्षभर मी माझ्यावरच चिडत होते."

मालकांनी शिसे खरवडून काढले आणि नट तिच्यापुढे धरले. "चल, पुन्हा तोलू. परत जायचं की नाही ते."

"नको. शाळा कशी आहे ते आता मला माहीत आहे. उरलेलं वर्ष जायचं की नाही, ते मी सांगेन. तुम्ही फक्त ऐका."

तिने मला माळ्यावर ठेवायला सांगितले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, अशी माझी विनंती नाही. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याच्यापाशी खरे बोला, एवढेच मागतो. मालकांनी केसाने गळा कापला तो तिचा आणि माझा, दोघांचा. पण तिला तोंड होते, ती बोलली. माझी दांडी अजून सरळ आहे, हे तिला कोण सांगणार?