चोवीस दात की ऐंशी

मामीने अट घातली तेव्हा ती भांडी विसळत होती, आणि भांडी विसळताना मामी जे बोलते त्यावर अपील नसतं. "रविवारी सकाळी जिमवाला जागा बघायला येतोय. तो यायच्या आत त्या धुडावर एक फळी सरळ कापून दाखवा. शेड तुमची. नाही जमलं, तर मशीन भंगारात आणि शेडमध्ये वजनं उचलणारी पोरं. मला शेडच्या त्या कुलपाकडे रोज बघायचा कंटाळा आलाय."

धूड म्हणजे शेडमधली मामाची चक्री करवत. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध वर आलेलं गोल पातं आणि पोटात मोटर. मामा गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मी नुकतीच ऑफिसची नोकरी सोडली होती, कारण मला फर्निचर करायचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, मला साथ द्यायची म्हणून, 'नको' म्हणणाऱ्या नवऱ्याशी अबोला धरला होता. दुसरी जागा आम्हाला परवडणारी नव्हती. फळी कापली गेली नाही तर मला त्याच साहेबापुढे जाऊन 'परत येऊ का?' म्हणावं लागणार होतं. नुसत्या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आम्ही पदर खोचून भिडलो. रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन टेबल इतकं घासलं की बोटांचे ठसे मोबाइललाही ओळखू येईनात. बेअरिंग बदलली, पट्टा नवा घातला. मोटर जळलेली होती, तिच्यात नवी तार भरून आणली आणि ताईने तिच्या तीन वायरी जागेवर जोडल्या. बटण दाबलं तशी मोटर घूंऽऽ करून फिरली. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई असलेली माझी ताई रॉकेलच्या डब्याभोवती गिरक्या घेत नाचली. मीही नाचले. डबा लवंडला. आम्ही हसून हसून त्यातच बसलो.

आता फक्त पातं राहिलं होतं. जुन्याचे निम्मे दात पडले होते.

दुकानदाराने काउंटरवर पाती मांडली आणि समजावलं, "चोवीस दातांचं घ्याल तर झपाझप कापेल, पण काप खडबडीत. ऐंशी दातांचं सावकाश कापेल, पण गुळगुळीत. फळी उभी चिरायची असेल तर दात कमी, आडवी कापायची असेल तर दात जास्त."

"चोवीस," मी म्हणाले.

"ऐंशी," ताई म्हणाली. "मला खडबडीत काही आवडत नाही."

"तुला जेवायचं नाहीये त्यावर!"

"तुझा उतावळेपणा लहानपणापासूनचा आहे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. त्यांनी आपली खरेदी बाजूला ठेवली आणि आमची बाजू घेतली, एकेकाने एकेकीची. शेवटी दोन्ही पाती घेतली, आणि घरी येईपर्यंत दोघी एकमेकींशी बोललो नाही.

आधी माझं चोवीस लावलं. फळी पुढे सरकवली. कापणं राहिलं बाजूला, भसाभस धूर निघाला, फळी काळी पडली आणि माझ्या हातातून पुढे हिसकली जायला लागली. ताईला कोण आनंद! मग तिचं ऐंशी लावलं. दुप्पट धूर. आता आनंद मला. दुसऱ्या दिवशी तडजोड म्हणून चाळीस दातांचं आणलं, तर त्याचा धूर बघून शेजारच्या काकांनी पाण्याची बादली आणली. शिवाय दर वेळी पात्याचा नट सैल झालेला असायचा.

"तू नीट आवळत नाहीस," ताई म्हणायची.

"मग तू आवळ!"

ती दातओठ खाऊन आवळायची. तरी सैल.

मी तणतणत दुकानात गेले. दुकानदाराने पात्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं, "पात्यात दोष नाही. लाकूड बदला." लाकूड बदललं. नव्या लाकडाचा धूर जरा सुवासिक होता, एवढाच फरक पडला.

रविवार उजाडला. मला हसू आवरत नव्हतं, कारण ताईने नाकातोंडाला ओढणी गुंडाळली होती आणि ती बँक लुटायला निघाल्यासारखी दिसत होती. आम्ही मशीन लावलं, फळी सरकवली, धुराचा लोट उठला. तेवढ्यात मामी धुण्याची बादली कमरेवर घेऊन दारात उभी राहिली.

"अगं, भुसा तिकडे भिंतीवर कशाला उडतोय?"

"मग कुठे उडायला हवा?" मी खेकसले.

"कुठे म्हणजे? माझ्या धुण्यावर! एवढी वर्षं या दारातल्या दोरीवर मी काही वाळत घातलं की तुझ्या मामाने करवत लावलीच. भुसा नेहमी इकडे, दाराकडे. किती भांडले मी त्याच्याशी त्यावरून! पलीकडून फळी धरायला पुन्हा मीच. भिंतीवर कणभर कधी उडाला नाही."

मी ताईकडे बघितलं. ताईने बटण बंद केलं. पातं पुरतं वेगात असताना नुसती चकाकती थाळी दिसते, पण मंदावत आलं तसे दात वेगळे दिसू लागले. सगळेच्या सगळे पाठमोरे पळत होते.

"मोटर उलटी फिरतेय," ताई ओढणीतून म्हणाली. "दोन वायरींची अदलाबदल झाली माझ्याकडून."

म्हणजे इतके दिवस आम्ही लाकूड दातांच्या पाठीने घासत होतो. चोवीस की ऐंशी की चाळीस, आणि एकीनेही पातं कुठल्या बाजूला फिरतंय ते बघितलं नव्हतं! नटही त्यामुळेच सुटत होता. मला असं हसू फुटलं की मी टेबलाला धरून खाली बसले. ताई हसता हसता "मेन स्विच, आधी मेन स्विच बंद कर!" एवढंच म्हणत होती आणि आम्हा दोघींना उठता येत नव्हतं.

"हसा," मामी म्हणाली. "तो येईल एवढ्यात."

वायरी बदलल्या. कुठलं पातं लावायचं यावर पुन्हा जुंपणार होती, पण फळी उभी चिरायची होती, त्यामुळे चोवीस लागलं. मी ताईला डोळा मारून घेतला.

मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. ताई माझ्या शेजारी बटणाशी. आणि मामी बादली ठेवून, न सांगता, टेबलाच्या पलीकडे भिंतीच्या बाजूला फळीचं टोक धरायला गेली.

सूंऽऽ! धूर नाही, हिसका नाही. फळीचे अलगद दोन भाग झाले आणि भुशाचा फवारा थेट माझ्या अंगावर. मी किंचाळले. कुणाला ऐकू गेलं नाही, मलाही नाही.

मामीने कापलेली पट्टी डोळ्यांपाशी धरून बघितली आणि मान हलवली. वाकडी होती. फळी जिला टेकवून सरकवायची ती टेबलावरची आधारपट्टी तिरकी बसली होती. ताईने ती ठोकून सारखी केली. दुसरी पट्टी केसभर वाकडी आली. मामीने बोटाने खूण केली, अजून एक. मशीन चालूच होतं. तिसरी पट्टी निघाली ती दोरी धरावी इतकी सरळ. मामीने ती छातीशी धरली. ताईने बटण बंद केलं.

शांत झालं तेव्हा मागून आवाज आला. जिमवाला दारासमोरच्या गेटबाहेर स्कूटरवर बसला होता, हातात टेप.

"अहो, केव्हाच्या हाका मारतोय! हात करून करून थकलो! जागा द्यायची नाही तर तसं सांगा की!" तो ओरडला आणि स्कूटर वळवून निघून गेला.

 म्हणजे सरळ पट्टी निघायच्या आत तो आला होता.

"मामी," मी म्हणाले, "गेट तुझ्या अगदी समोर आहे."

"मला नाही बाई कुणी दिसलं," मामी पदराने डोळे पुसत म्हणाली. "डोळ्यांत भुसा गेला होता माझ्या."

भुसा सगळा माझ्या अंगावर होता. तिच्या बाजूला कणभरही उडाला नव्हता.