मिटलेल्या पंखांची नोंद

मी दुर्बीण बोलतेय. डाव्या भिंगात बुरशी धरलीय, तेवढं सांभाळून घ्या; उजवं अजून शाबूत आहे.

माझी पहिली नोकरी बोटीवरची. तिथल्या खलाशाने मला दोन चादरींच्या बदल्यात एका कापडदुकानदाराला देऊन टाकलं. सौद्यात कोण फसलं, यावर दोघं पुढे कित्येक वर्षं हसत राहिले.

शेठ गिऱ्हाइकाला आधी पाणी द्यायचे, मग बजावायचे, थान उलगडल्याशिवाय कापड पसंत करू नका. गिऱ्हाईक नसलं की मला घेऊन मागच्या खिडकीत. खाली दलदल, आणि हिवाळ्यात चिखलात चोच खुपसणारी लांब पायांची पाखरं.

त्यांत दोन चुलतभाऊ. नावं शेठनीच ठेवलेली: काळशेपट्या आणि पट्टेशेपट्या. दोघांचा अंगरखा मातकट. पहिल्याची चोच सरळ, दुसऱ्याची टोकाशी किंचित वर वळलेली. पहिले शेकड्यांनी यायचे, दुसरा दुर्मीळ. शेठना दर हिवाळ्यात एखादी चोच वळलेली दिसायची. वीस वर्षं वहीत 'पट्टेशेपट्या' चढत गेला.

मग दलदल बुजवून गोदामं बांधायचं ठरलं. पाहणीला आलेले साहेब शेठची वही चाळून म्हणाले, हा पट्टेशेपट्या खरंच दरवर्षी येत असेल तर काम थांबेल. उद्या वहीवर सही करून द्या.

त्याच संध्याकाळी ससाणा आला. थवा उठला. उडताना काळशेपट्याच्या पंखावर रुंद पांढरी पट्टी उघडते, चुलतभावाला ती नसते. मी एकेक पंख दाखवत गेले. सगळ्यांवर पांढरी पट्टी होती. वळलेली चोचही त्यांच्यातच होती.

शेठ घरी गेले. बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"अहो, दुकानात थान उलगडायला लावता, आणि पाखरं मिटलेलीच पसंत केलीत?"

सकाळी शेठनी साहेबांसमोर वीसही नोंदींवर रेघ मारली. साहेब हळूच म्हणाले, "गप्प राहिला असतात तर कोणाला कळलं असतं?"

"मला कळलंय ना. माल खोटा निघाला की मी परत घेतो."

महिन्याभरात मातीचे ट्रक आले. पहिल्याच आवाजाला थवा उठला. मी शेठच्या डोळ्याला होते. अगदी मागच्या पाखराच्या पंखावर पांढरं नव्हतं. शेपटीवर बारीक पट्टे. त्यांनी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: 'पट्टेशेपट्या. एक. उडताना पाहिला.'

आता खिडकीसमोर गोदामाची भिंत आहे. शेठ तरी रोज मला पुसतात. उद्या मी तुमच्या हाती आले, तर चिखलात उभ्या पाखराला नाव द्यायची घाई करू नका. ते उडेपर्यंत थांबा. आणि तोवर चिखल जागेवर राहील, एवढं बघा.