जिंकलेला खटला

“जिंकलो! अरे, जिंकलो आपण!”

मालक ओरडतच जिना उतरले आणि ट्यूबा भरायच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या मावशीचे दोन्ही हात धरून त्यांनी गदागदा हलवले. कारखान्यात सगळे तिला मावशीच म्हणत, मालकसुद्धा. खडखडाटात तिला आधी काही ऐकूच आलं नाही. कळलं तेव्हा तिने यंत्र बंद केलं, आणि त्याबद्दल पहिल्यांदाच कोणी तिच्यावर डाफरलं नाही.

खटला मुरमांवरच्या मलमाचा होता. वयात येताना उठतात आणि जातात तसली साधी मुरमं नव्हेत. कातडीखाली गाठी धरणारी, ठणकणारी, जाताना खड्डे ठेवून जाणारी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं हे मलम एका बड्या कंपनीनं काढलं आणि दुसऱ्या कोणी ते बनवू नये म्हणून पेटंट घेतलं. पेटंटची मुदत संपत आली तसं कंपनीनं तेच मलम जरासं पातळ केलं, ‘नवं’ म्हणून आणखी एक पेटंट पदरात पाडून घेतलं आणि स्वस्तात मलम काढू पाहणाऱ्या मालकांना कोर्टात खेचलं.

“पाणी घातलं की नवं होतं होय?” पॅकिंगवाली म्हणाली होती. “मग आमचा गवळी रोजच नवं दूध देतो की!”

शेवटी कोर्टही तेच म्हणालं. निकालाच्या भरवशावर मालकांनी माल आधीच भरायला घेतला होता. गोदामात खोकी छताला टेकली होती.

त्या संध्याकाळी मावशी जवळजवळ पळतच घरी गेली. तिची लेक कापडाच्या दुकानात काउंटरवर होती. म्हणजे आधी होती. चेहरा बिघडत गेला तसं दुकानदारानं तिला मागच्या खोलीत घड्या घालायला बसवलं. “गिऱ्हाईक बिचकतं गं,” एवढंच म्हणाला, आणि तेही हसून. मध्ये कंपनीचं मलम लावलं तेव्हा एक गाल निवळला होता. मग परवडेना. सुटलं. गाठी परत आल्या, व्याजासकट.

“आता आपलंच मलम येतंय,” मावशी म्हणाली. “मीच भरलेलं. बघ तू.”

लेक कितीतरी दिवसांनी आरशासमोर उभी राहिली.

पण गाड्या काही आल्या नाहीत. आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता महिना गेला. मग एका सकाळी मॅनेजरनं खोकी उलट गोदामातून आत आणायला लावली. मावशीसमोर कातरी ठेवली, बाजूला पिंप.

“ट्यूबा कापा आणि मलम पिंपात काढा. सगळं जाळायला जाणार आहे.”

“का? खराब निघालं का?”

“मला काय विचारता? वरून हुकूम आहे.”

मावशी हातमोजे काढून थेट वर गेली. मालकांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“साहेब, औषध चांगलं नाही का आपलं?”

“चांगलं आहे म्हणून तर किंमत आली, मावशी.” ते समजुतीनं बोलू लागले. “ते वरच्या कोर्टात गेले असते. आणखी किती वर्षं भांडणार? त्यांनीच तडजोड केली. आपण एवढ्यात मलम बाजारात आणायचं नाही, त्याबद्दल ते पैसे देणार. विकून मिळाले असते त्याहून जास्त. तुम्हा सगळ्यांना बोनस आहे.”

“न विकायचे पैसे?”

“धंदा आहे हा.”

“मग मला एक खोकं द्या. माझ्या पगारातून कापा. माझ्या मुलीला...”

“एक ट्यूब जरी बाहेर दिसली तरी करार मोडतो.” मालकांनी नजर कागदांकडे वळवली. “माझाही नाइलाज आहे.”

“नाइलाज माझ्या मुलीचा आहे, साहेब,” मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला. “तुमचा तर सौदा आहे. कोर्टात जिंकलात आणि आमच्याच तोंडाला पानं पुसलीत!”

खाली येऊन तिने कातरी मॅनेजरच्या हातात दिली. “मी भरल्या. मी फोडणार नाही.”

“मावशी, नोकरीचा प्रश्न येईल.”

“येऊ दे.”

तिने डबा उचलला. गेटवरच्या बाईनं तिची पिशवी उलटी केली, डब्याची झाकणं उघडली, पदर झटकायला लावला. “वाईट वाटून घेऊ नको. आज नीट बघायला सांगितलंय.”

“बघ, बघ. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

घरी लेकीनं सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एक तरी आणायचीस, आई.”

“चोरून?”

“मग काय झालं! कुठेही लपवून आणायचीस. एवढी वर्षं राबलीस तिथे, एक ट्यूब नाही तुझ्या हातून सुटली? तू साळसूद राहिलीस आणि मी...” तिला रडू फुटलं. तोंड वेंगाडलं की गाठी ताणल्या जात, म्हणून रडतानाही ती चेहरा ताठ ठेवत असे.

आणायला हवी होती, हे मावशीलाही जिना उतरतानाच वाटून गेलं होतं. आपण आणली नाही याचा अभिमान वाटावा की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी, तेही तिला कळत नव्हतं.

ती मोरीत गेली, तांब्याभर गार पाणी आणलं, धुतलेलं फडकं बुडवलं. लेकीनं आधी हात झटकला. दुसऱ्यांदा झटकला नाही. लालबुंद गालावर मावशी फडकं नुसतं टेकवत होती, दाब म्हणून देत नव्हती. ते तापलं की काढून पुन्हा पाण्यात घालायची आणि पिळायची, दातओठ खाऊन, कोणाची तरी मानगूट हाती लागावी तशी.