जिन्याखालची शेगडी

"गार पाणी देत असशील तिला, दुसरं काय!" जिन्याखाली इस्त्री करत बसलेल्या कडकबाबांनी हात न थांबवताच ठकीच्या आईला सुनावलं.

ती बिचारी खोकणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन जिना उतरत होती. बाबांच्या इस्त्रीची घडी अशी कडक, की सगळी इमारत त्यांना त्याच नावानं हाक मारी. सल्लेही ते तसेच द्यायचे, न मागता. कधी गार पाणी, कधी गोळ्या-चॉकलेटं, कधी उघड्यावरचं खेळणं. थंडीभर ठकीच्या खोकल्याचं खापर त्यांनी आईच्याच डोक्यावर फोडलं होतं. पोरीवर जीव मात्र होता. तिच्या शाळेच्या फ्रॉकला ते सगळ्यात आधी इस्त्री करीत.

दुपारी मायलेकी दवाखान्यातून परतल्या. ठकी आईच्या खांद्यावर झोपली होती आणि दर श्वासाला तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी तोंडाला लावून ओढायचा पंप दिला होता.

"घरात धूर असतो का, विचारत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, छे, आमच्याकडे गॅस आहे. तुम्ही म्हणालात म्हणून गार पाणीही बंद केलंय, बाबा. अजून काय करू?"

बाबांची नजर इस्त्रीचा कोळसा पेटवायच्या शेगडीवर गेली. शेगडी जिन्याखाली पेटवली की वारा लागत नाही, आणि खाली जुन्या चपलांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या की कोळसा झटकन धरतो, ही त्यांची खुबी. आजवर त्यावर स्वतःचीच पाठ थोपटून घेत आले होते. जिन्यातला धूर रोजचाच, कुणाच्या लेखी तो धूरच नव्हता. त्यांनी वर पाहिलं. ठकीच्या दारापर्यंत भिंत काळी पडली होती. रोज डोळ्यांसमोर होती की! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या सकाळी शेगडी त्यांनी अंगणाच्या पार टोकाला नेली आणि नुसत्या काटक्यांवर पेटवायला घेतली. वारा कोळसा धरू देईना. ठकीची आई खिडकीत आली.

"वाऱ्यात कशाला बसलात, बाबा? जिन्याखाली बसा की. आमची कधी तक्रार आहे का?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. बाबांनी मान वर केली नाही.

"माझा धूर तुझ्याच घरात जात होता, पोरी. गार पाण्याचं काही नव्हतं. उगाच तुला बोललो."

खिडकी लागली, कडीचा आवाज खालपर्यंत आला.

बाबांनी ठकीचा फ्रॉक उचलला. रात्रभर तो जिन्याखालीच टांगलेला होता. इस्त्री फिरवण्याआधी त्यांनी तो नाकाशी धरला, मग नळाखाली नेऊन हातानं धुवायला बसले.